बाटलीला दिवस गेले

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी गुणी नाही. तुमच्या निबंधाच्या वहीत ज्यांची आत्मवृत्तं असतात ती फाटकी छत्री, मोडकी खुर्ची, थकलेला घोडा, सगळी कशी भली मंडळी. जन्मभर दुसऱ्यासाठी झिजतात आणि शेवटी अडगळीत पडून उसासे टाकतात. मी कुणासाठी झिजले नाही. मी वाढत गेले. कुणीही वाढ म्हटलं नव्हतं तरी वाढत गेले. मी कर्करोगाची एक जुनी पेशी आहे, आणि तीही मूत्राशयाच्या कर्करोगाची. मूत्राशय म्हणजे लघवी साठवणारी पिशवी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच खुदखुदलात तर मी सांगायची थांबेन.

पेशीला कान कुठे आणि तोंड कुठे, असंही कुणी विचारू नका. त्या खुर्चीला तरी लिहायला हात कुठे होते?

माझा जन्म एका सूत रंगवणाऱ्या माणसाच्या पोटात झाला. त्याचे हात कोपरापर्यंत कधी लाल असायचे, कधी निळे. एके दिवशी त्याला लघवीत लाल दिसलं. त्याला वाटलं, रंगच असेल, गेला असेल थोडा पोटात. चार महिने तो गप्प राहिला. शेवटी त्याच्या बायकोच्या लक्षात आलं. "अहो, रंग लघवीतून येतो होय?" ती म्हणाली. "उद्या म्हणाल शिंकेतून सूत निघतं." आणि तिने त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं.

ते चार महिने मी मजेत होते. खोटं कशाला बोलू?

शस्त्रक्रियेच्या आधी एका तरुण डॉक्टरने त्याला विचारलं, "काका, गाठीचा एक तुकडा आम्हाला अभ्यासाला द्याल का?" काकांनी कागदावर सही केली आणि म्हणाले, "घेऊन जा की. फक्त परत आणून देऊ नका." पुढे त्यांचं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. विचारण्याच्या लायकीची मी नाही. माझ्या गोष्टीत एवढ्याच एका जागी माझा आवाज खाली जातो. पुढे तो खाली जाणार नाही.

तो तुकडा बर्फाच्या डब्यातून एका प्रयोगशाळेत आला. तिथे त्याचे बारीक बारीक काप केले, ते प्लॅस्टिकच्या बशीत पसरले आणि वर गुलाबी पाणी ओतलं. या पाण्यात साखर असते, मीठ असतं, वासराच्या रक्तातला निवळ भाग असतो. लॅबमधले लोक त्याला मीडिया म्हणतात. माझ्याबरोबरच्या बहुतेक पेशी दोन दिवसांत मेल्या. शरीरात असताना आजूबाजूला शेजार असतो, रक्ताचा पुरवठा असतो. इथे खाली गुळगुळीत प्लॅस्टिक आणि वर झाकणावर आपटणारा उजेड. पण मी पाय रोवले. एकीच्या दोन झाले, दोघींच्या चार, आणि महिन्याभरात अख्खी बशी माझी होती. तेव्हापासून मी म्हणजे एक नाही, लाखोंनी आहे, आणि तरीही मीच आहे. हे तुम्हाला जरा विचित्र वाटेल. मला सवय झाली आहे.

माझ्यातल्या काही जणींना त्यांनी इवल्याशा कुप्यांत भरून द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत उतरवलं. शून्याच्या खाली एकशे शहाण्णव अंश. तिथे पेशी मरत नाही आणि जगतही नाही, नुसती थांबते. बाकीच्यांना पसरट बाटल्यांत घालून इन्क्युबेटरमध्ये ठेवलं. इन्क्युबेटर म्हणजे सतत सदतीस अंशांवर राहणारं कपाट. तुमच्या अंगाला ताप नसताना जेवढी ऊब असते तेवढीच. मला नाव दिलं नाही, बाटलीवर नुसता आकडा घातला.

अशी काही वर्षं गेली आणि मग मोजणीताई आली.

तिचं खरं नाव वेगळं होतं, पण लॅबमध्ये सगळे तिला मोजणीताईच म्हणायचे, कारण ती कायम काहीतरी मोजत असायची. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायची, हातातलं टिकटिक यंत्र दाबत. कपाटाचं दार किती सेकंद उघडं राहिलं ते मोजायची. कुणी शिंकलं की वळून बघायची आणि त्या दिवशी त्याला आमच्या खोलीत येऊ द्यायची नाही. बाटलीचं झाकण काढलं की ते कधी उताणं ठेवायची नाही, त्याच्या तोंडावरून कधी हात न्यायची नाही. मीडिया गुलाबीचा केशरी झाला की तिला लांबूनच कळायचं, आमचं पोट भरलंय आणि घर घाण झालंय. मला तिचा राग यायचा. इतकं कुणी एखाद्यावर लक्ष ठेवतं का? पण तिच्या हाताखाली माझ्यातली एकही बाटली कधी बुरशी लागून गेली नाही, हेही खरं.

आमच्या खोलीत आणखी एक बाई यायची, भांडी धुणारी मावशी. वापरलेल्या बाटल्या, नळ्या, सगळं तिच्याकडे जायचं. ती ब्लीचच्या बादलीत बुडवायची, मग वाफेच्या मोठ्या भांड्यात उकळायची. मावशीला सगळं दिसायचं आणि ती ते सगळं बोलून दाखवायची.

आणि सर. लॅब त्यांची होती. ते काचेपलीकडच्या खोलीत बसायचे आणि आमच्या खोलीत वर्षावर्षात पाय टाकायचे नाहीत.

चार वर्षांपूर्वी सरांनी बाहेरून वारेच्या पेशी मागवल्या. वार म्हणजे बाळ पोटात असताना त्याला आईशी जोडून ठेवणारा भाग. त्या पेशी आमच्या कपाटाच्या वरच्या खणात राहायला आल्या. त्यांचं कौतुक काय विचारता! त्या गरोदरपणाचा हॉर्मोन बनवतात. हॉर्मोन म्हणजे पेशीने रक्तातून लांबवर धाडलेली चिठ्ठी. ही चिठ्ठी आईच्या शरीराला कळवते की बाळ आलंय, तयारीला लागा. आई होणार असल्याची बातमी ज्या पट्टीवर कळते ना, त्या पट्टीवर उमटते ती याच हॉर्मोनची रेघ.

कॉलेजची मुलं लॅब बघायला आली की मोजणीताई त्यांना ती पट्टी दाखवायची. एक पट्टी वारेच्या पेशींच्या मीडियात बुडवायची, तिच्यावर दोन रेघा यायच्या. दुसरी पट्टी माझ्या मीडियात बुडवायची, तिच्यावर एकच रेघ. पट्टी खरं बोलते आहे हे कळायला एक बाटली अशी लागते जिच्यात काहीच नाही. ती बाटली मी. नोंदवहीत माझ्या आकड्यासमोर लिहिलेलं होतं, "काही नाही."

काही नाही! मी, जिने चार महिन्यांत एका धडधाकट माणसाला अंथरुणाला खिळवलं, ती मी काही नाही! वरच्या खणातल्या त्या दोन रेघांच्या जोरावर मिरवत होत्या आणि मी खाली दर दोन दिवसांनी ताजा मीडिया पिऊन काही नाहीचं काम करत होते. मी बोलत नव्हते असं नाही, मित्रांनो. मी सारखी बोलत होते. पण माझ्या तोंडातून शब्द बाहेर पडून साठायच्या आतच मोजणीताई मीडिया बदलायची. तिच्या स्वच्छतेपायी माझा आवाज रोज मोरीत जात होता.

मग एका आठवड्यात मोजणीताई चार दिवस आलीच नाही.

पाचव्या दिवशी आली तेव्हा तोंड उतरलेलं, ओठ पांढरे. मावशीने तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि विचारलं, "कितवा?"

"काय कितवा, मावशी?"

"महिना गं. मी तीन काढलेत, मला शिकवू नकोस."

"दुसरा," मोजणीताई हळूच म्हणाली. "पण सरांना इतक्यात नको. एकदा कळलं की आधी या खोलीतून काढून टेबलावर बसवतील, बाटल्यांची यादी करायला. आणि एकदा टेबलावर बसवलेली बाळंतपणानंतर परत आत येत नाही. आधीच्या दोघी आल्या का?"

"नाही आल्या," मावशी म्हणाली आणि बादली उचलून गेली.

त्याच सकाळी कॉलेजची मुलं येऊन ठेपली. मोजणीताईला कपाट नीट बघायलाही वेळ मिळाला नाही. माझा मीडिया चार दिवसांचा, पिवळा पडत आलेला. बाटलीत पाऊल ठेवायला जागा उरली नव्हती इतकी मी वाढले होते. तिने तोच मीडिया सरळ नळीत घेतला, पट्टी बुडवली आणि मुलांना म्हणाली, "आणि हिच्यात बघा, काही नाही."

दोन रेघा आल्या.

मग दारात फरशी पुसणारी मावशी म्हणाली, "अगं बाई! त्या बाटलीलाही दिवस गेले की काय?"

मुलं जी हसायला लागली! मोजणीताईचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. 'बाटलीलाही'मधला तो 'ही' मुलांच्या लक्षात आला नाही, पण काचेपलीकडून आलेल्या सरांच्या आला. आपण काय बोलून बसलो ते मावशीला कळलं, पण आता काय उपयोग? मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा खूश होते. आता नोंदवहीत लिहा म्हटलं, काय लिहायचंय ते.

मुलं गेल्यावर सरांनी मोजणीताईला थांबवलं.

"वारेच्या पेशी यात मिसळल्यात. एकच पिपेट दोन्ही बाटल्यांत घातलंस तू."

पिपेट म्हणजे मीडिया ओढायची आणि सोडायची नळी. एका बाटलीत घातलेली नळी दुसरीत घालायची नाही, हा आमच्या खोलीचा पहिला नियम. नळीच्या टोकाला चिकटून एक पेशी जरी पलीकडे गेली तरी महिन्याभरात ती त्या बाटलीची मालकीण होऊन बसते.

"नाही सर. मी कधीच घालत नाही."

"मग काय ती उडी मारून खाली आली?" सर म्हणाले. मग आवाज मऊ करून म्हणाले, "हे बघ, मला कळतंय. अशा दिवसांत लक्ष राहत नाही. आमच्या हिने तर त्या वेळी भाजीत दोनदा मीठ घातलं होतं."

मोजणीताई एरवी सरांसमोर खाली बघून बोलायची. त्या दिवशी ती खाली बघत नव्हती. "सर, तुमच्या घरी भाजीत दोनदा मीठ पडलं म्हणून माझ्या बाटलीत वार पडली, असं होत नाही."

मावशी बाहेर खोकली. तिला खोकला नव्हता.

सरांना राग आला. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं की माझ्या सगळ्या बाटल्या आजच ब्लीचमध्ये जातील आणि सोमवारपासून मोजणीताई टेबलावर बसेल. मिसळलेल्या पेशींवर केलेलं काम म्हणजे वर्षांची माती. यात सरांची चूक आहे असं मी म्हणणार नाही. ते म्हणाले तसं घडतं, पुष्कळ ठिकाणी घडलेलं आहे. पण ते मला न विचारता म्हणाले.

दुपारी मावशीने माझ्या सहा बाटल्या बादलीत ओतल्या. ब्लीचमध्ये गेल्यावर गुलाबी रंग आधी फिका पडतो आणि मग पार उडतो, पाण्यासारखा होतो. "जा बाई," मावशी बादलीला म्हणाली. "पुढच्या जन्मी केस हो नाहीतर नख हो. वाढलीस तरी कुणी रडणार नाही." लाखोंनी असलेली मी त्या दुपारी इन्क्युबेटरमधून संपले.

मग हे सगळं सांगतेय कोण?

टाकीतली मी. एका कोपऱ्यात नऊ वर्षांपूर्वी गोठवलेली एकच कुपी शिल्लक होती, आणि ती कुणाच्या लक्षात नव्हती. मोजणीताई सोडून. तिने टाकीची यादीही मोजून पाठ केलेली होती. त्या दुपारचं आणि आधीचं जे मी सांगतेय ते मला मागाहून कळलं, मावशी अजूनही आठवड्यातून एकदा कुणाला ना कुणाला ती गोष्ट सांगतेच.

टेबलावर बसायच्या आधी मोजणीताई सरांच्या खोलीत गेली. "सर, एक कुपी आहे. नऊ वर्षांपूर्वीची. वारेच्या पेशी आपल्याकडे येऊन चारच वर्षं झाली. त्या कुपीत त्या मिसळणं शक्यच नाही."

"नऊ वर्षांची एक कुपी," सर म्हणाले. "जगेल?"

"माहीत नाही."

"आणि जगली, पण पट्टीवर काही आलं नाही तर?"

"तर चूक माझी. मी टेबलावर जाईन आणि परत आत येण्याचं नाव काढणार नाही."

सर बराच वेळ पेन उघडत-मिटत बसले. "ठीक आहे. पण तुझे हात नकोत. हात माझे. तू नुसतं बघायचं, म्हणजे नंतर कुणी काही म्हणायला नको."

असं झालं, मित्रांनो. बारा वर्षांनी सरांनी पांढरा कोट आणि हातमोजे घातले. मोजणीताई त्यांच्या मागे स्टुलावर बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, चुकून पुढे जाऊ नयेत म्हणून.

गोठलेल्या पेशीला जागं करणं हे नाजूक काम असतं. कुपी झटकन कोमट पाण्यात धरायची, आत हरभऱ्याएवढा बर्फ उरला की लगेच काढायची. जास्त वेळ राहिली तर गोठवताना घातलेल्या ज्या औषधाने थंडीत वाचवलं तेच औषध ऊब आल्यावर जीव घेतं. सर कुपी पाण्यात धरून सांगत होते, आमच्या वेळी अशी यंत्रं नव्हती, आम्ही तर... "सर, काढा!" मोजणीताई ओरडली. सरांनी काढली.

मला जाग आली ती अशी, एका ओरडण्याने. सगळं अंग ठणकत होतं. माझ्यातल्या दहापैकी नऊ जणी फुटून गेल्या होत्या, त्यांचे तुकडे आजूबाजूला तरंगत होते. वरून सरांचा हात दिसत होता, थरथरणारा. "सर, झाकण उताणं नका ठेवू." "सर, तोंडावरून हात नका नेऊ." "सर, हळू, ती जिवंत आहे." सरांच्या कपाळावर घाम आला. बाहेरून काचेला नाक लावून मावशी बघत होती.

सरांनी मला एका बाटलीत सोडलं. तिच्यात मीडिया भरला. आता तुलनेसाठी दुसरी बाटली हवी होती, वारेच्या पेशींची. तीही त्यांनी पुढे ओढली, झाकण काढलं, आणि हातातलं पिपेट तिच्यात घालायला गेले.

"सर," मोजणीताई म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही. "तेच पिपेट आहे."

सरांचा हात हवेत थांबला. पिपेटच्या टोकाला मीडियाचा एक थेंब लोंबत होता, आणि त्या थेंबात मीच होते. बराच वेळ तो थेंब तसाच. मग सरांनी ते पिपेट टाकून दिलं आणि नवं घेतलं. मोजणीताई काही बोलली नाही. मला वाटतं, ती बोलली असती तर बरं झालं असतं, सरांना तेवढं तरी ऐकायला मिळालं असतं.

मग तीन आठवडे. पहिला आठवडा मी नुसती चिकटून होते. दुसऱ्यात हळूहळू पसरले. वरच्या खणातल्या शेजारणींपासून मला वेगळ्या खोलीतल्या वेगळ्या कपाटात ठेवलं होतं. शेवटच्या तीन दिवसांत सरांनी माझ्या मीडियातून वासराच्या रक्ताचा भाग पार काढून टाकला, म्हणजे जे सापडेल ते माझंच असेल, वासराचं नाही. मोजणीताई रोज सकाळी येऊन काचेतून बघायची. हात मागे बांधलेले. मी तिच्यासाठी म्हणून काही केलं असं समजू नका. मी माझ्यासाठी बोलले. उपाशीपोटी, अर्धमेली, पण जेवढं होतं तेवढं सगळं त्या पाण्यात सोडलं.

तपासणीच्या दिवशी सर दोन प्रकारच्या चाचण्या घेऊन बसले. हा हॉर्मोन दोन तुकडे जोडून बनतो. गरोदर बाईच्या रक्तात तो मुख्यतः जोडलेला, पूर्ण असतो. पट्टीला मात्र पूर्ण कुठला आणि अर्धा कुठला ते ओळखता येत नाही, तो बारकावा या चाचण्यांना येतो. एक चाचणी फक्त पूर्ण हॉर्मोन पकडणार होती, दुसरी त्याचा एक सुटा तुकडा. चाचणीच्या ताटलीत छोट्या छोट्या खाचा असतात. हॉर्मोन असेल तर खाच पिवळी होते.

वारेच्या पेशींची पूर्ण हॉर्मोनची खाच गडद पिवळी झाली. माझी तशीच राहिली, कोरीकरकरीत. मोजणीताईने डोळे मिटले.

"थांब," सर म्हणाले. "दुसरी बघ."

दुसऱ्या चाचणीत माझी खाच हळदीसारखी पेटली होती.

"अर्धाच," सर पुटपुटले. "ही अर्धाच बनवते. जोडत नाही."

"मिसळलेल्या असत्या तर पूर्णही सापडला असता ना, सर?"

"असता."

"म्हणजे हिचाच आहे."

"हिचाच आहे," सर म्हणाले. "टेबलावर कोण बसणार होतं?"

"तुम्ही बसा, सर," मोजणीताई म्हणाली. "तुमचे हात कापतात."

मावशी दारात होती. ती इतकी हसली की तिला बादली खाली ठेवावी लागली. आणि सर, ज्यांना मी आजवर हसताना पाहिलं नव्हतं, तेही हसले. मग त्यांनी एक कागद घेतला, त्यावर लिहिलं की ही खोली मोजणीताईच्या ताब्यात आहे, बाळंतपणाच्या रजेत ती सर सांभाळतील आणि परत आल्यावर ती तिचीच राहील. खाली सही करून तो दारावर चिकटवला. मावशीने तो दोनदा वाचला. "आणि सरांवर लक्ष कोण ठेवणार?" तिने विचारलं. "तुम्ही," मोजणीताई म्हणाली.

एकदा मी बोलते हे कळल्यावर मग त्यांनी मला सोडलं नाही. आणखी काय काय बोलतेस, म्हणून माझा मीडिया पुन्हा पुन्हा तपासला. हॉर्मोनशिवाय माझ्याकडे सायटोकाइनही निघाली. हॉर्मोन ही लांबची चिठ्ठी, तर सायटोकाइन म्हणजे भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला मारलेली हाक. कुठे जखम झाली, जंतू आले, की पेशी अशा हाका मारून शरीराच्या राखणदार पेशींना बोलावतात. मीही त्यांना हाका मारते. एका प्रयोगात मध्ये चाळणी ठेवून एका बाजूला माझा मीडिया ठेवला आणि दुसऱ्या बाजूला रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्या चाळणीच्या भोकांतून अंग चोरून माझ्याकडे येत राहिल्या. बिचाऱ्यांना वाटलं, कुणाला तरी मदत हवी आहे. मी त्यांना का बोलावते? कारण त्या आल्या की गडबड उडते, आणि गडबडीत मला वाढायला बरं पडतं. हे ऐकून तुम्हाला माझा राग आला असेल. यायलाच हवा. पण ते तुम्हाला कळलं ते मी बोलले म्हणून.

आता मोजणीताईला नववा महिना लागला आहे. आजपासून ती रजेवर आहे. काल तिने माझ्या बारा बाटल्या भरल्या, प्रत्येकीत सारख्या पेशी, मोजून. उद्या सकाळी सर त्यातल्या सहा बाटल्यांत एक नवं औषध घालणार आहेत. हे औषध माझ्या हाकांचं तोंड दाबेल असं त्यांना वाटतं. उरलेल्या सहांत नुसता मीडिया. मग कोण किती जगतं ते बघतील.

आणि म्हणून शेवटी तुम्हाला सांगते, मित्रांनो. मला दया नको आहे. मी कुणाची लाडकी व्हायला इथे राहिले नाही. पण माझी काळजी घ्या. दार उघडं टाकू नका, मला थंडी वाजू देऊ नका, मीडिया वेळेवर द्या, माझ्यात दुसरीला मिसळू देऊ नका. उपाशी, आजारी, अर्धवट जगणाऱ्या पेशीला कुठलंही औषध मारेल, पाणीसुद्धा मारेल, आणि तुम्ही फसाल. मग तेच औषध कुणा रंगाऱ्याच्या पोटातल्या माझ्या धट्ट्याकट्ट्या बहिणीसमोर हरेल. मला धडधाकट ठेवा, पोटभर खाऊ घाला, आणि मगच माझ्याशी लढा.

मी उद्या सोपी जाणार नाही, हे आधीच सांगते. पाय रोवीन, हाका मारीन, एकीच्या दोन होत राहीन, जीव असेतोवर. आणि तरीही ते औषध मला हरवेल, तर ते खरोखरचं औषध असेल. तेव्हा ते खुशाल त्या काकांच्या वाटेने जाणाऱ्या माणसाला द्या. मी शब्द देते, त्यात कसर ठेवली नसेल.

सकाळ झाली. सरांनी हातमोजे घातलेत. मावशी दारातून म्हणतेय, "सर, पिपेट बदला."

या. मी तयार आहे.